जुनी सिटी, चार तासांची शर्यत आणि उष्णतेचा हिशेब: नाशिकमधील एका तयारीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गाडी वीस वर्षांहून अधिक जुनी, भारतात विकल्या गेलेल्या पहिल्या पिढीतील होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे. १,४९३ सीसीचे आणि १०६ अश्वशक्तीचे इंजिन, हजार किलोच्या आसपास वजन आणि पुढच्या चाकांना ताकद, एवढ्या भांडवलावर या गाडीने आपल्याकडच्या हौशी चालकांमध्ये जे नाव कमावले, ते आजही टिकून आहे. नाशिकमधील चौघांनी ती लाखाच्या आत विकत घेतली. त्यांच्यातले एक सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळतात, दुसऱ्यांचे द्वारका परिसरात वाहनांच्या वायरिंगचे दुकान आहे, तिसरे दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार आहेत आणि चौथे, म्हणजे गाडीचे कागदोपत्री मालक, बँकेत नोकरीला आहेत. कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर एका क्लबने हौशी चालकांसाठी चार तासांची शर्यत ठेवली होती आणि तिच्यासाठी द्राक्षांचा हंगाम आटोपल्यावर त्यांनी तयारीला हात घातला. प्रस्तुत लेखकाने ही तयारी सुरुवातीपासून जवळून पाहिली. निर्णय मात्र सर्वस्वी त्या चौघांचे होते.

‘स्पोर्ट्स कार’ म्हणावी अशी स्वस्त आणि जुनी गाडी आपल्या बाजारात फारशी मिळत नाही. गोव्यात तयार झालेली, फायबरच्या बॉडीची दोन आसनी सॅन स्टॉर्म हा विचार बागायतदारांच्या मनात काही दिवस घोळत होता. परंतु जिचे सुटे भाग शोधण्यातच हंगाम निघून जाईल, अशी गाडी सलग चार तास पळवायला घेणे शहाणपणाचे नव्हते. सिटीचे भाग द्वारकेपासून वडाळा नाक्यापर्यंतच्या दुकानांत आणि भंगारात अजूनही सापडतात, या एका कारणावर निवड झाली, आणि लेखकाच्या मते ते कारण पुरेसे होते.

अशा गाड्या स्वस्त मिळण्यामागे एक सरकारी कारणही आहे. खासगी पेट्रोल गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर तंदुरुस्तीची तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते, त्यामुळे त्या खटाटोपाला कंटाळलेला मालक मिळेल त्या किमतीला गाडी देऊन मोकळा होतो. या चौघांना नूतनीकरणाची गरज नव्हती. आतून सगळे काढून टाकलेली आणि गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारा पोलादी पिंजरा (रोल केज) बसवलेली गाडी रस्त्यावर चालवणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाही, म्हणून ती नाशिकहून कोइंबतूरला ट्रेलरवरच जाणार, हे पहिल्या दिवशीच ठरले आणि ट्रेलरचे भाडे अंदाजपत्रकात धरले गेले.

फेऱ्यांचे गणित

करी स्पीडवेची लांबी २.१ किलोमीटर आहे. जवळजवळ मूळ स्थितीतल्या सिटीने, सांभाळून चालवल्यास, तिथे एका फेरीला दीड मिनिट लागेल असे धरले, तर चार तासांत १६० फेऱ्या, म्हणजे ३३६ किलोमीटर होतात. टूलरूमच्या गृहस्थांनी हे आकडे गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले आणि त्यांच्याखाली आणखी दोन ओळी लिहिल्या. पहिली अशी, की इंजिनावर पैसे घालून प्रत्येक फेरीत एक सेकंद वाचवला, तरी चार तासांत जेमतेम पावणेदोन फेऱ्या वाढतात. दुसरी अशी, की एक होज पाइप फुटून गाडी २० मिनिटे पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यात) अडकली, तर १३ फेऱ्या जातात. नवा एक्झॉस्ट, कॅमशाफ्ट, इंजिनाचा कॉम्प्युटर असे विषय त्यानंतर निघेनासे झाले. मालकांना ते मनातून पटले होते की नाही, हे सांगता येत नाही. पण खडूच्या त्या दोन ओळींना उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

याच गणितातून इंजिनाच्या फेऱ्यांवर स्वतःहून मर्यादा घालण्याचा निर्णय आला. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर येणारा जडत्वाचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे मिनिटाला ७,००० ऐवजी ६,००० फेऱ्यांवर गिअर बदलला, तर तो ताण एक चतुर्थांशाहून अधिक उतरतो. इतक्या वर्षांच्या बेअरिंगांसाठी याहून स्वस्त औषध नाही. टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि वॉटर पंप एकाच वेळी नवे बसवले; चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे ऑइलचे भांडे, उतरवून आत पत्र्याचे आडपडदे वेल्ड केले, म्हणजे लांब वळणावर ऑइल एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडू नये; आणि ऑइलच्या दाबाचा स्वतंत्र मीटर व मोठा लाल दिवा चालकाच्या डोळ्यांसमोर लावला. मूळ गाडीचा इशारा-दिवा दाब जवळपास संपल्यावरच पेटतो आणि शर्यतीत तेव्हा फार उशीर झालेला असतो.

नाशिकच्या परिसरात राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत, त्यामुळे रॅलीची गाडी बांधलेले मिस्त्री इथे भेटतात आणि त्यांचा सल्ला मोलाचा असतो. या प्रकरणात मात्र त्यातला काही सल्ला बाजूला ठेवावा लागला. रॅलीत थोड्या किलोमीटरचा टप्पा जीव तोडून पळायचे, मग सर्व्हिसची सवड मिळते आणि त्या सवडीत गाडी थंडही होते. सलग शर्यतीत अशी सवड नसते. तिसऱ्या तासातही रेडिएटर, ब्रेक आणि ऑइल यांना पहिल्या तासाइतकेच काम करावे लागते. चेंबरखाली जाड लोखंडी गार्ड बसवण्याचा आग्रह एका अनुभवी मिस्त्रींनी धरला होता. दगडधोंड्यांच्या वाटेवर तो योग्यच आहे, परंतु गुळगुळीत ट्रॅकवर तो इंजिनाखालून बाहेर पडणारी गरम हवा अडवतो आणि वर वजनही वाढवतो. गार्ड लावला गेला नाही.

पिंजरा

सुरक्षेच्या खर्चाला मर्यादा घालायची नाही, हा नियम स्वस्त गाड्यांच्या शर्यतींनीच घालून दिलेला आहे. अमेरिकेत २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ या शर्यतमालिकेत गाडीची किंमत ५०० डॉलरच्या आत असावी लागते, पण रोल केज, सीट, पट्टे, ब्रेक आणि टायर त्या हिशेबात धरले जात नाहीत. नाशिकच्या चौघांनीही तेच धोरण ठेवले आणि गाडीच्या किमतीपेक्षा पिंजरा, सीट, सहा टोकांचे पट्टे, चार हेल्मेट, अग्निरोधक पोशाख आणि मानेचा आधार यांवर कितीतरी अधिक खर्च झाला. जुने पट्टे स्वस्तात मिळत होते. एफआयए, म्हणजे मोटर शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना, हिच्या प्रमाणपत्राच्या पट्ट्यांवर मुदत छापलेली असते आणि ती उलटल्यावर तपासनीस गाडी ट्रॅकवर सोडत नाही, म्हणून तो मोह टाळला गेला.

पिंजऱ्याचे काम अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये झाले आणि या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे. एफआयएच्या नियमांनुसार नळी सीमलेस (बिनजोडाची), थंड ओढलेल्या कार्बन पोलादाची हवी. चालकाच्या मागच्या मुख्य कमानीसाठी ती ४५ मिलिमीटर व्यासाची आणि २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची असावी लागते. पहिल्या खेपेला पुरवठादाराकडून आलेली नळी दिसायला तशीच होती. टूलरूमच्या गृहस्थांनी कापलेल्या टोकातून आत बोट घालून गोल फिरवले आणि एका जागी बोटाला बारीक रेघ लागली. पट्टी गुंडाळून वेल्ड केलेल्या नळीवरची ही रेघ बाहेरून घासून नाहीशी केलेली असते, पण आतून पुष्कळदा तशीच राहते. नळी परत गेली.

दुसरी अडचण वाकवण्याची. साध्या हायड्रॉलिक बेंडरवर पहिली कमान वाकवली, तेव्हा वळणाच्या जागी नळी चपटी झाली. मिस्त्रींना त्यात काही वावगे वाटले नाही. “भाऊ, वाकवलं की पाइप पोट सोडणारच, बांधकामाला असाच चालतो,” असे ते म्हणाले. टूलरूमच्या गृहस्थांनी खिशातून व्हर्निअर काढून दोन्ही अंगांनी माप घेतले. अरुंद बाजू ३९ मिलिमीटर आणि रुंद बाजू ४७ भरली. “मिस्त्री, तुमच्या हाताचा दोष नाही, पण नियमात हे गुणोत्तर ०.९ च्या खाली चालत नाही आणि इथं ते ०.८३ येतंय,” असे त्यांनी सांगितल्यावर मिस्त्रींनी व्हर्निअर स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा माप घेतले आणि मग काहीही न बोलता ती कमान बाजूला ठेवली. आत मँड्रेल, म्हणजे नळी चपटी होऊ न देणारा आधाराचा दांडा, घालून वाकवणारे यंत्र वसाहतीतच दुसऱ्या एका शेडमध्ये निघाले. तिथे वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिपटीपेक्षा जास्त ठेवून कमान पुन्हा केली, तेव्हा ती नियमात बसली. पिंजऱ्याचे पाय थेट पत्र्यावर न टेकवता प्रत्येक पायाखाली ३ मिलिमीटर जाडीची आणि किमान १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पट्टी बसवली, कारण जुन्या गाडीचा तळपत्रा गंजून किती पातळ झाला आहे हे वरच्या रंगावरून कळत नाही. चालकाच्या बाजूचा कोपरा खरवडल्यावर तिथला पत्रा हाताने वाकला आणि तेवढा भाग कापून नवा पत्रा घालावा लागला.

ब्रेक आणि पाणी

हजार किलोची गाडी ताशी १३० किलोमीटरवरून ६० वर आणताना सुमारे ५०० किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये उतरते. एवढ्या उष्णतेत दीड लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. आणि हे दर फेरीत एकापेक्षा अधिक वेळा, चार तास चालणार. शहरात चालणाऱ्या गाडीचे ब्रेक इतके तापतच नाहीत, त्यामुळे त्यांतला दोष वर्षानुवर्षे झाकलेला राहतो. सर्वांत झाकलेला दोष म्हणजे ब्रेक ऑइलमधले पाणी. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो, आणि डॉट ४ च्या बाबतीत हेच आकडे २३० व १५५ आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकते. या गाडीतून निघालेले ऑइल चहाच्या रंगाचे होते. कॅलिपर उघडून सगळी सीले बदलली, रबरी नळ्यांच्या जागी पोलादी जाळीच्या नळ्या आल्या, शर्यतीच्या प्रतीचे ऑइल आणि पॅड घातले, डिस्कमागची पत्र्याची ढाल काढली आणि बंपरमधल्या फॉग लॅम्पच्या भोकांतून तीन इंची नळीने थंड हवा डिस्कच्या मधोमध सोडली. मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक आहेत तसेच ठेवून फक्त लाइनर नवे बसवले. त्याची चर्चा पुढे येईल.

रेडिएटरचे काम त्या मानाने सोपे निघाले. नवा रेडिएटर, नवे होज पाइप, नवे झाकण आणि नवा थर्मोस्टॅट यांपेक्षा अधिक फरक पडला तो रेडिएटरच्या चारी बाजूंच्या फटी पत्रा आणि फोम लावून बंद केल्याने, कारण मोकळी वाट मिळाली की हवा जाळीतून न जाता कडेने निसटते. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप, काढून टाकावा असे सुचवणारे बरेच जण भेटले. तो काढल्यास पाण्याच्या प्रवाहावर काही ताबा राहत नाही आणि इंजिन पुरेसे तापतही नाही, म्हणून तो ठेवला. कूलंटऐवजी साधे पाणी आणि गंजरोधक एवढेच भरले, कारण कूलंटमधले ग्लायकोल ट्रॅकवर सांडले तर मागून येणाऱ्यांसाठी ते निसरडे ठरते आणि अनेक आयोजक त्यामुळे ते चालवून घेत नाहीत.

एक रिले

चाचणीच्या वेळी, उन्हाळ्यातल्या एका दुपारी अंबडच्या शेडमध्ये इंजिन अर्धा तास चालवून बंद केले आणि ते पुन्हा सुरू होईना. स्टार्टर फिरत होता, स्पार्क होता, पेट्रोल पंपाचा आवाज मात्र येत नव्हता. बॉनेट आणि दरवाजे उघडे ठेवून गाडी थंड होऊ दिली, तेव्हा ती पहिल्या झटक्यात सुरू झाली. अशा प्रसंगी बहुतेक ठिकाणी पंप बदलला जातो. द्वारकेच्या वायरमननी पंपाला हात न लावता डॅशबोर्डखालचा मुख्य रिले (पंपाला करंट देणारा स्विच) काढला, त्याचे झाकण उचकटले आणि सर्किटची पाटी भिंगाखाली धरली. एका पिनेच्या मुळाशी सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर होती. तापल्यावर धातू प्रसरण पावतो, चीर उघडते, पंपाचा करंट तुटतो; थंड झाल्यावर चीर मिटते आणि सगळे ठीक दिसू लागते. दोन दशकांची ऊन-थंडी सोसलेल्या कोणत्याही सांध्याचे असे होऊ शकते. त्यांनी पाटीवरचे सगळे सांधे नव्याने सोल्डर केले आणि जोडीला तपासलेला दुसरा रिले ट्रेलरच्या पेटीत ठेवला.

या दुरुस्तीचे महत्त्व तिच्या खर्चावरून लक्षात येणार नाही. शर्यतीत पेट्रोल भरताना इंजिन बंद करावे लागते, चालक बाहेर येतो आणि एक जण अग्निशामक धरून उभा राहतो. म्हणजे इंजिन सर्वांत तापलेले असताना, आतली हवा कोंडलेली असताना ते बंद करून पुन्हा सुरू करण्याची वेळ नेमकी तिथेच येते. ही चीर करीवर सापडली असती तर शर्यत पिटमध्येच संपली असती.

शर्यत

शर्यत पावसाळ्यानंतर झाली. गाडी चारही तास चालली. पाण्याचे तापमान जिथे स्थिर झाले तिथून हलले नाही, ऑइलचा लाल दिवा एकदाही पेटला नाही आणि पेट्रोल भरल्यावर इंजिन प्रत्येक वेळी लगेच सुरू झाले. पुढचे पॅड तिसऱ्या तासात अंदाजापेक्षा लवकर संपत आले, पण आधीच थोडा वापरून घासून घेतलेला जादा संच तयार असल्याने ते चालक बदलताना उरकता आले. तरीही १६० फेऱ्यांचा अंदाज बराच हुकला आणि त्याचे एक कारण कोणाच्या यादीत नव्हते.

वजन कमी करण्यासाठी गाडीतला गालिचा, त्याखालचा जाड नमदा आणि तळपत्र्याला चिकटवलेले डांबरी थर खरवडून काढले होते. सगळे मिळून २५ किलोच्या आसपास वजन गेले. सायलेन्सरचा पाइप गाडीच्या मधल्या बोगद्यातून जातो आणि उजव्या बाजूला बसणाऱ्या चालकाचा डावा पाय त्या बोगद्याला लागून असतो. पहिल्या अर्ध्या तासातच बोगद्याचा उघडा पत्रा इतका तापला, की क्लचवरून उचललेली टाच टेकवायला जागा उरली नाही. पहिल्या चालकाने कळ काढली आणि तासाभरानंतर ठरलेला बदल चाळिसाव्या मिनिटाला मागितला. बागायतदार उतरले तेव्हा त्यांच्या बुटाचा तळ एका कडेने मऊ झाला होता. चौघांनी एकेक तास चालवून तीन बदल करायचे ठरले होते, त्याऐवजी पाच बदल झाले. पिटमध्ये येणे, पट्टे सोडणे, बांधणे आणि परत ट्रॅकवर जाणे यांत प्रत्येक खेपेला सुमारे चार मिनिटे गेली. म्हणजे दोन जादा बदलांनी आठ मिनिटे, अर्थात पाचांहून अधिक फेऱ्या खाल्ल्या. २५ किलो वजन कमी झाल्याने फेरीमागे तीन दशांश सेकंद मिळाले असे उदारपणे धरले, तरी चार तासांत त्याची अर्धी फेरी होते. ज्यांनी इंजिन, ब्रेक आणि ऑइल यांच्या उष्णतेचा इतका बारीक हिशेब मांडला, त्यांच्या हिशेबात आत बसलेल्या माणसाची उष्णता आली नव्हती, आणि लेखकाला वाटते की हे बहुतेक हौशी संघांच्या बाबतीत होत असावे, कारण गाडीच्या मीटरला चालकाची टाच जोडलेली नसते.

नाशिकला परतल्यावर बोगद्यावर खालच्या बाजूने, पत्र्यापासून बोटभर अंतर सोडून, अॅल्युमिनियमची ढाल बसवण्यात आली. आतल्या बाजूला टाचेच्या जागी उष्णतारोधक चटई चिकटवली आणि चालकाच्या छातीशी हवा आणणारी एक नळी उजव्या खिडकीतून आत घेतली. या सगळ्याचे वजन सहा-सात किलो भरले आणि त्यावर कोणी हरकत घेतली नाही. मागच्या ड्रमबाबत मात्र एकमत नाही. पॅड लवकर संपण्याचे कारण मागचे ब्रेक पुरेसा भार घेत नाहीत हे आहे, असे मालकांचे म्हणणे असून भंगारातून डिस्क आणून बसवाव्यात यासाठी ते आग्रही आहेत; टूलरूमच्या गृहस्थांच्या मते पुढची चाके ओढणाऱ्या हलक्या गाडीत ब्रेक दाबल्यावर मागच्या चाकांवर वजनच इतके थोडे उरते, की तिथे डिस्क लावून फारसे काही साधणार नाही, आणि पॅड संपले ते एका चालकाच्या उशिरा व जोरात ब्रेक मारण्याच्या सवयीमुळे. पुढच्या शर्यतीत प्रत्येक चालकाच्या पाळीनंतर पॅडची जाडी मोजून लिहून ठेवायची असे ठरले आहे. तोपर्यंत ड्रम आहेत तसेच राहतील.